रेवदंडा : चालत पाहिलेलं गाव

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात ज्येष्ठ सभासदांच्या सहलीविषयी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, ‘सहलीबद्दल दहा मिनिटं बोला, आणि काका, दहा म्हणजे दहाच.’ मी छत्तीस वर्षं बँकेत काढली आहेत. शिल्लक जुळल्याशिवाय उठायची सवय नाही. त्यामुळे पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या.

जानेवारीत आपण तेवीस जण रेवदंड्याला जाऊन आलो. सरासरी वय सत्तरच्या पुढे. गुडघे शेहेचाळीस, त्यातले चार बदललेले. सहल ठरवताना एकच अट होती, चढ नको. रायगड नको, पायऱ्या नकोत, बोटीत उड्या मारून चढणं नको. तेव्हा मी रेवदंड्याचं नाव सुचवलं. अलिबागच्या पुढे सतरा-अठरा किलोमीटरवर कुंडलिका नदी समुद्राला मिळते, त्या खाडीच्या तोंडावरचं हे जुनं बंदर. सगळं गाव सपाट आणि वाड्यांच्या सावलीत आहे. थांबत थांबत तीन तासांत पाहून होतं.

नाव सुचवायला आणखी एक कारण होतं. १९७७ ते १९७९ या काळात मी तिथल्या शाखेत अधिकारी होतो. वय सव्वीस, नवीन लग्न, नवीन खुर्ची. त्या कारणाबद्दल शेवटी बोलेन.

पहाटे साडेपाचला गेटवरून बस निघाली. वडखळला चहा-वडा झाला. अलिबाग ओलांडल्यावर आक्षी लागतं. तिथे पाच मिनिटं उतरलो. आक्षीचा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जातो. शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ असा त्याचा काळ सांगतात. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या भाषेत दगडावर लिहून ठेवलं, आणि आज आपण लिफ्टच्या नोटिशीवरसुद्धा ‘डिअर मेंबर्स’ लिहितो. असो. लिफ्टचं नाव निघालंच आहे, पण तेही शेवटी.

आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा ही सगळी अष्टागरातली गावं. आगर म्हणजे नारळी-सुपारीच्या बागा. रेवदंड्याच्या जवळ आलं की मुख्य रस्ता चक्क किल्ल्याच्या तटातून आत शिरतो. इथे किल्ला गावात नाही, गावच किल्ल्यात आहे. बाजार, घरं, देवळं, वाड्या सगळं पोर्तुगीजांनी बांधलेल्या तटाच्या आत. कित्येक घरांची परसदारची भिंत म्हणजे चारपाचशे वर्षांपूर्वीची तटबंदी. त्यावर कोणी वाल वाळत घातलेत, कोणी गोधडी.

बसमधून उतरलो आणि पहिला थांबा घेतला तो एका शाळेच्या आवारात. तिथे अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. आपल्यापैकी ज्यांनी १९५७ चा ‘परदेसी’ सिनेमा पाहिलाय, नर्गिस आणि बलराज साहनींचा, त्यांना हा माणूस आठवेल. रशियातल्या त्वेर शहराचा हा व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. वास्को द गामा यायच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. बरोबर विकायला आणलेला एक घोडा. म्हणजे सगळं भांडवल एकाच मालात गुंतवलेलं! बँकेच्या माणसाला हे ऐकूनच धडकी भरते. पुढे जुन्नरच्या सुभेदाराने तो घोडाच काढून घेतला, धर्म बदल तर परत देतो म्हणाला. मध्यस्थी होऊन घोडा परत मिळाला. हे सगळं त्याने लिहून ठेवलं आहे. गोरा माणूस पाहायला लोक मागे मागे येतात, हेही लिहिलंय. परत जाताना घरी पोचण्याआधीच तो वाटेत वारला. वही मात्र पोचली.

चौल आणि रेवदंडा ही जोडी आहे. मधलं अंतर दोन-तीन किलोमीटर. चौल फार जुनं. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या टिपणांत त्याचं नाव ‘सेमिल्ला’ असं येतं. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. रेवदंडा हे समुद्रकाठचं, पोर्तुगीजांचं चौल. १५०८ साली इथल्याच खाडीच्या तोंडाशी इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी मिळून पोर्तुगीजांना हरवलं. पहिल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो त्या लढाईत मारला गेला. तरी पोर्तुगीज हटले नाहीत. आधी वखार घातली, मग १५२०च्या दशकात किल्ला बांधला. १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने वेढा घातला, तोही त्यांनी निभावला. शेवटी वसई पडल्यावर, १७४० मध्ये, तह होऊन रेवदंडा आणि समोरचा कोर्लई मराठ्यांकडे आला. सनावळ्या संपल्या, घाबरू नका.

शाळेपासून वाड्यांमधून जाणारी वाट धरली. दोन्ही बाजूंना पोफळी इतक्या दाट की दहा वाजताही टोपीची गरज लागली नाही. वाटेत एक उंच मनोरा दिसतो. गावात त्याला सातखणी म्हणतात. एके काळी सात मजले होते, आता सातही उभे नाहीत. पायथ्याशी जुन्या तोफा पडल्या आहेत. त्यातल्या एका तोफेवर बसून आपल्या दोन वहिनींनी थर्मासमधला चहा घेतला. पोर्तुगीजांना हे दिवस दिसतील असं वाटलं नसेल.

पुढे चर्चच्या भिंती आहेत. छप्पर नाही, आत गवत आणि झाडं. तिथून समुद्र अगदी जवळ. काळसर वाळू, सुरूची झाडं, आणि आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती, त्यामुळे तटाच्या कडेने वाळूवरून आरामात चालता आलं. ही वेळ मी आधीच हिशेब करून ठेवली होती. लहान मुलांनो, हे ऐकून ठेवा, तुमच्या ॲपपेक्षा सोपं आहे. कोळी लोक तिथीची पाऊणपट करतात. आम्ही पंचमीला गेलो होतो. पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती, त्याआधी सहा तास म्हणजे दहाच्या आसपास ओहोटी. आम्हाला शाळेत पाऊणकी पाठ करायला लावत तेव्हा वाटायचं, याचा उपयोग काय? उपयोग हा. आणि हे मला ज्याने शिकवलं, त्याच्याकडेच मी आता येतो आहे.

पण त्याआधी एक थांबा राहिला. रेवदंड्याच्या वस्तीत बेने इस्रायली लोकांचं सिनेगॉग आहे, बेथ एल, १८४२ सालचं. आमचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, असं हे लोक सांगतात. पिढ्यान् पिढ्या इथे तेलाचे घाणे चालवले. शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. घरात मराठी, आडनावं गावावरून, आपल्या ‘कर’ लावणाऱ्यांसारखीच. इस्रायल झाल्यावर बहुतेक तिकडे गेले. तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. आणि खाडीपलीकडच्या कोर्लईत याच्या उलट गोष्ट. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षांवर झाली, पण तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली घराघरात बोलतात. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा.

मग बंदर बंद का पडलं, असं आपल्या पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं. एका कारणाने नाही पडलं. खाडी गाळाने भरत गेली. मोठी जहाजं आत येईनात. आणि शेजारी मुंबई वाढत गेली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातच चौलचे रेशीम विणणारे कारागीर इंग्रजांच्या मुंबईला जाऊन राहिले. धंदा गेला तशी माणसं गेली. ज्यांना जाता आलं नाही किंवा जायचं नव्हतं, त्यांनी तटाच्या आत सुपारी लावली.

आता धक्क्याकडे जाऊ. बाजारातली माझी जुनी शाखा जिथे होती, त्या इमारतीत आता कपड्यांचं दुकान आहे. तिथून खाडीवरच्या धक्क्यापर्यंत चालत दहा मिनिटं. आमच्या गतीने पंधरा. मंडळी, मी त्या गावात जवळजवळ तीन वर्षं होतो, आणि ही दहा मिनिटं कामासाठी म्हणून मी एकदाही चाललो नाही. तेव्हा साळावचा पूल नव्हता, लोक तरीने खाडी ओलांडत. मी एकदोनदा सौभाग्यवतींना घेऊन फिरायला म्हणून गेलो असेन. बाकी घर, शाखा, आणि दर पंधरा दिवसांनी एस.टी.ने अलिबाग.

१९७८ च्या पावसाळ्यानंतर एक नाखवा माझ्या टेबलापाशी आला. वय पन्नाशीचं. स्वतःची होडी होती, तिला इंजिन बसवायचं होतं. त्या वेळी यांत्रिक होड्यांसाठी कर्ज द्यावं असं धोरण होतं, अनुदानही होतं. पण त्याच्याकडे जमीन नव्हती, घर वडिलांच्या नावावर, आणि जामीनदार आणला तोही कोळीच, म्हणजे कागदावर तितकाच रिकामा. तो चार वेळा आला. येऊन बाकावर बसायचा. मी वर पाहिलं नाही तर तास तास बसायचा. एकदा माझं काम आटपल्यावर मी सहज विचारलं, तुम्हाला भरतीची वेळ कशी कळते? तेव्हा त्याने ती पाऊणकी मला शिकवली. चौथ्या वेळी तो म्हणाला, ‘साहेब, एकदा येऊन होरी तरी बघा.’

मी म्हणालो, ‘बघू.’

स्थळपाहणीचा रकाना अर्जात होता. तो मी टेबलावर बसून भरला. ‘होडी जुनी, तारण अपुरे, परतफेडीची शाश्वती नाही. शिफारस करता येत नाही.’ सही, तारीख, शिक्का. होडी जुनी आहे हे मला कोणी सांगितलं? कोणीच नाही. मला वाटलं, म्हणून लिहिलं. नियमाप्रमाणे माझी चूक कोणी काढली नसती. काढलीही नाही. पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

या जानेवारीत धक्क्यावर एक म्हातारबाबा जाळं शिवत बसले होते. मंडळी होड्यांचे फोटो काढत होती. मी त्यांच्याजवळ टेकलो आणि नाखव्याचं नाव घेतलं. त्यांना लगेच ओळख पटली. तो जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणाले. इंजिन नाही म्हणून लांब जाता येईना, मग त्याने होडी विकली. मुलगा मुंबईला, दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून लागला. ‘मग स्वतःची बोट?’ मी विचारलं. म्हातारबाबा म्हणाले, ‘झाली ना. पोराने केली. पण वीस वरसं लागली.’ आणि बोटीकडे हात केला. पांढऱ्या-निळ्या रंगाची, धक्क्याला लागलेली. नाखव्याचा नातू त्यावर बर्फ चढवत होता.

मी त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुझ्या आजोबांचा अर्ज मी न पाहता नाकारला? त्याला माहीतसुद्धा नव्हतं. मी नुसता तिथे उभा राहिलो. आमची ही मागून आली, म्हणाली, ‘गुडघा दुखतोय का?’ मी म्हणालो, ‘हो, थोडा.’

दुपारी पोपटी झाली. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून भाजलेली. ज्यांना चालते त्यांच्यासाठी कोंबडी. तेवीस जणांनी वयाचा आणि साखरेचा विचार न करता खाल्लं. परतीच्या वाटेवर गाणी झाली. सहल छान झाली असं सगळे म्हणाले, आणि ती झालीच.

पण मला बसमध्ये झोप लागली नाही. आपण चोवीस जण जाणार होतो. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी पैसे भरून नाव मागे घेतलं होतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, ‘भाऊजी, रेवदंडा सपाट आहे हो, पण आपला जिना नाही.’

आता लिफ्ट. आपली इमारत २००० साली झाली तेव्हा आपण सगळे पन्नाशीच्या आसपास होतो. चार मजले, लिफ्ट नाही, किंमत कमी, खूश होऊन घेतली. गेली तीन वर्षं सर्वसाधारण सभेत लिफ्टचा विषय येतो आणि पुढे ढकलला जातो. खालचे म्हणतात, आम्ही का भरायचं? वरचे म्हणतात, सोसायटी एक आहे की दोन? इतिवृत्त काढून पाहा. मागच्या वर्षीच्या सभेत एका सभासदाने मुद्दा मांडला होता, ‘खर्च संस्थेच्या आवाक्याबाहेर, गरज मोजक्यांची, सध्या शिफारस करता येत नाही.’ ते सभासद म्हणजे मी. तळमजला, दोन नंबर. भाषासुद्धा तीच, पाहा. सत्तेचाळीस वर्षांत माझं मराठी सुधारलं नाही.

सहलीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी चौथ्या मजल्यावर गेलो. पंचवीस वर्षांत वर्गणीच्या निमित्ताने गेलो असेन, पण ती तिशी-चाळिशीची मुलं हातात पावती पुस्तक घेऊन धावत, तेव्हा मी खालीच उभा असे. या वेळी पायऱ्या मोजल्या. चौसष्ट. तीनदा थांबलो. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा हलतो, हे मला माहीत नव्हतं. वर पोचलो तेव्हा वहिनींनी पाणी दिलं आणि मी बोलायला लागेपर्यंत दोन मिनिटं गेली. त्यांनी सांगितलं, दिवाळीपासून त्या दोनदाच खाली उतरल्या आहेत, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी. बाल्कनीतून आपला गणपती मंडप दिसतो. आरती ऐकू येते. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच मंडपात पहिल्या वर्षीचे मोदक त्यांनी केले होते, हे इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल.

मी इथे कोणाला दोष द्यायला उभा नाही. लिफ्टला पैसे लागतात, जागा लागते, परवानगी लागते, आणि आपल्यातल्या काहींचं निवृत्तिवेतन किती आहे हे मला चांगलं माहीत आहे. खालच्यांनी किती, वरच्यांनी किती, हे गणित बसवावं लागेल. ते बसवायला मी तयार आहे. हिशेब हे एकच काम मला धड येतं. तीन प्रकारे वाटणी करून कागद तयार केला आहे, तो सेक्रेटरींकडे दिला आहे. पण सभेला येण्यापूर्वी माझी एक विनंती आहे. तळमजल्यावरच्या आणि पहिल्या मजल्यावरच्या प्रत्येकाने एकदा चौथ्या मजल्यापर्यंत चालत जावं. सामान नको, घाई नको. वर जाऊन चहा घ्यावा. आणि वरच्यांनीही खाली येऊन, आमच्याकडे पावसाळ्यात गटाराचं पाणी कुठपर्यंत येतं ते पाहावं. त्यानंतर ज्याला जे मत द्यायचं ते द्यावं. विरोध केला तरी हरकत नाही, पण तो टेबलावर बसून केलेला नसावा.

माझ्यापुरतं सांगायचं तर मागच्या वर्षीचा माझा विरोध मी आज, तुम्हा सगळ्यांसमोर, मागे घेतो. सेक्रेटरी, हे इतिवृत्तात येईल असं पाहा.

आणि ज्यांना रेवदंड्याला जायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. हिवाळ्यात जा. पंचांग पाहून ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर पोचा. तळव्याला पकड असलेल्या चपला घाला, पाण्याची बाटली आणि एक घडीची खुर्ची घ्या. तटावर चढू नका, दगड सुटे आहेत. वाड्यांमध्ये शिरताना मालकाला विचारा, लोक आपुलकीने आत नेतात. आणि शेवटी धक्क्यावर जरूर जा. बाजारापासून दहाच मिनिटं आहेत.

पुढच्या वर्षी पुन्हा जायचं ठरलं आहे. तेव्हा आपण चोवीस जण असावेत, एवढीच या रौप्यमहोत्सवी वर्षात माझी इच्छा.

दहाची पंधरा मिनिटं झाली, क्षमस्व.